लेथवर चढलेलं लाटणं

प्रिय सुचित्रा,

लेथ एकदाचा चालू झाला! पावणे एमआयडीसीतल्या बंद कारखान्यातून आणलेलं हे जुनं धूड बेडरूममध्ये बसवलं, म्हणून तू रुसून द्रोणागिरीला बहिणीकडे गेलीस. आता ये आणि बघ. गंज गेला, पट्टा नवा घातला, आवाज तुझ्या मिक्सरपेक्षा कमी.

पहिलं काम तुझंच करायचं ठरवलं होतं. तुझ्या आईचं शिसवी लाटणं मोजलं, तर मधे जाड, टोकांना बारीक! इतकी वर्षं तू तसंच चालवून घेतलंस. मी ते तासायला लेथवर चढवलं. डावीकडे केसभर जास्त वाटलं, तिथे कट मारला. मग उजवीकडे जास्त वाटलं, तिथेही मारला. शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी एकसारखं झालं.

पेन्सिलीएवढं.

शेजारच्या करिमुन्निसाभाभींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, लाटणं मधे जाडच असतं. त्यानेच चपाती गोल फिरते."

मघाशी फोनवर तू एकदम गोड बोललीस, उद्या येते म्हणालीस. तसलं जुनं शिसवी लाकूड मी शोधतोय. मिळेपर्यंत कृपा करून रुसलेलीच राहा.

तुझाच,
नंदकिशोर