डबा भरलेला परत आला

आई,

आज माझा डबा भरलेला परत आला. संध्याकाळी प्रयोगशाळेतून घरी येऊन ओट्यापाशी पिशवी रिकामी करायला गेले तर डबा हाताला जड लागला. उघडून बघते तर पोळ्या, गवारीची भाजी, सगळं सकाळी भरलं तसं जागच्या जागी. आज राहुरीच्या आमच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने ढिगाने आले होते. त्यातल्या एका नमुन्याचा आकडा काही केल्या जुळेना, म्हणून तो तीनदा तपासला आणि त्या नादात दुपार कधी सरली ते कळलंच नाही. मी जेवणाच्या वेळेला किती पक्की आहे हे तिथे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच झालं. डबा हातात धरून मी एकटीच हसत उभी राहिले, आणि मग मला रडू आलं. का ते तुला सांगायचंय.

कॉलेजसाठी घर सोडून राहणारी आपल्या भावकीतली मी पहिली मुलगी. तिसगाव ते नगर हे अंतर सांगितलं की माझी मुलं आता हसतात, पण तेव्हा मला करंजीचा घाट ओलांडला की परमुलूख सुरू झाला असं वाटायचं. अण्णा तर बाप असून पैजेवर सांगायचे की पोरगी दिवाळीच्या आत परत येईल, मग गुमान स्थळं बघू. तू चुलीपुढून मान वर न करता म्हणालीस, “आली तर आली. आदी जाऊ तर द्या.” माझ्या मागे धाकटी बहीण होती. मी परत आले असते तर तिचंही शिक्षण तिथेच थांबलं असतं, हे तुलाही कळत होतं आणि मलाही.

जायच्या आदल्या दिवशी तू भाकरी थापत होतीस, मी शेजारी बसून चुलीत काटक्या सारत होते. थापता थापता तू मला सांगितलंस, ते शब्द अजून जसेच्या तसे कानात आहेत. “तिथं न्हाईच जमलं तर चिठ्ठी धाडू नको. मला वाचता येत न्हाई, आन माज्या लेकीचं दुसऱ्याच्या तोंडून मी ऐकनार न्हाई. डबा उघडू नको, तसाच माघारी धाड. मी दुसऱ्या दिशी न्यायला येते. काय झालं, कसं झालं, कायबी इचारनार न्हाई.”

भिंगारला दोन मुलींबरोबर घेतलेल्या माझ्या खोलीत शिजवायची सोय नव्हती, म्हणून डबा एसटीने यायचा. सकाळच्या गाडीला तिसगावच्या स्टँडवर आया डबे घेऊन उभ्या असायच्या आणि ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ते डबे दाटीवाटीने बसायचे. कुणाचं नाव कशावर नाही, फडक्यावरून ओळखायचे. आपलं फडकं तुझ्या हिरव्या लुगड्याचं. भिंगारला गाडी थांबली की मी डबा उतरवून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा, धुतलेला डबा परत जायचा. तो रिकामा डबा म्हणजे माझी रोजची खुशाली होती.

आणि खुशाली काही नव्हती गं. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं, माझ्या डोक्यावरून जायचं. हजेरीला एकदा तोंडातून आपल्याकडचं “हाय” निघालं तर मागच्या बाकांवर आठवडाभर तेच चाललं होतं. आमच्या शाळेतलं प्रयोगाचं कपाट मी कायम कुलपातच पाहिलेलं, आणि इथे एकदम काचेची ती लांब नळी हातात आली, थेंब थेंब सोडायची ब्युरेट. पहिल्याच महिन्यात ती माझ्या हातून फुटली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्हाला इथे पाठवलं कुणी?” त्यांना उत्तर नकोच होतं. मला मात्र उत्तर ठाऊक होतं, आणि त्यानेच जास्त लागलं. त्या संध्याकाळी डबा भरलेला परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी आली, तिच्यात डबा नव्हता. मी समजले. वळकटी बांधून ठेवली. तू दुपारपर्यंत येशील असा हिशेब करून लायब्ररीची दोन पुस्तकं परत करायला कॉलेजात गेले. प्रॅक्टिकलची वेळ होती, आणि आता जायचंच आहे तर भ्यायचं कशाला, असं म्हणून शेवटचं एकदा टेबलापाशी उभी राहिले. भीती गेली की हात किती हलका होतो, हे त्या दिवशी कळलं. एक थेंब, थांबायचं, फ्लास्क हलवायचा, पुन्हा एक थेंब. भाजीला मीठ घालताना तू चिमटीतून सोडायचीस तसं. आणि एका थेंबाला ते पाणी फिकट गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. सरांनी वही पाहिली, परत पाहिली, आणि वर्गाला म्हणाले, “रीडिंग असं यायला पाहिजे. हिचं बघा सगळ्यांनी.”

मी मान वर केली तर दारात तू. पायातल्या चपला बाहेर काढलेल्या, डोक्यावर पदर, एका हातात डबा आणि काखेत गुंडाळलेलं रिकामं पोतं. खोलीवर मी नाही म्हणून विचारत विचारत तू कॉलेजात आली होतीस. शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला तू म्हणालीस, “ती माजी लेक हाय.” साधंच म्हणालीस, पण तुझी मान त्या वेळी जितकी ताठ होती तितकी मी कधी पाहिली नव्हती, लग्नकार्यातसुद्धा नाही.

बाहेर पायरीवर आलो. काही विचारणार नाही म्हणाली होतीस, पण राहवलं नाही तुला. “डबा का आला गं तसाच?” आणि मी तुझ्या त्या तोंडाकडे बघून म्हणाले, “विसरले. प्रॅक्टिकलच्या नादात.” तू आधी माझ्याकडे बघत राहिलीस, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. पोतं कशाला आणलंस विचारलं तर ते पायरीवर अंथरून म्हणालीस, “बसायला.” त्याच पोत्यावर बसून आपण दोघी जेवलो. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. वळकटी मी संध्याकाळी सोडली.

पुढे ती गोष्ट तू गावभर केलीस. “माजी लेक शिकाया बसली का भूक इसरती.” अण्णांना सांगितलीस, भावकीला सांगितलीस, माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना सांगितलीस. त्या गोष्टीच्या जोरावर धाकटीला नगरला पाठवलंस. या वेळी अण्णांनी पैज लावली नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी नर्सलाही तू तेच सांगत होतीस, आणि मी उशाशी बसून मान डोलावत होते. मला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. आपल्या आईने आपल्याबद्दल एवढी मोठी गोष्ट सांगावी, आणि आपण तिच्या मापाचं व्हायला आयुष्यभर धडपडावं, यात वाईट काय आहे? आज मी त्या मापाची झाले. म्हणून हसू आलं.

हा कागद कुठे जायचा नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि माझं दुसऱ्याच्या तोंडून तू ऐकणार नव्हतीस. तो घडी करून डब्याच्या कपाटात ठेवते. तुझं ते हिरवं फडकंही तिथेच आहे.

आई, ती नळी फुटली त्या दिवशी मी विसरले नव्हते. डबा मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते, फडक्यातून लसणाच्या चटणीचा वास येत होता, आणि मला फार भूक लागली होती.