सरूच्या सीटचं वजन

॥ श्री ॥
रामवाडी, पेण
२० सप्टेंबर १९८९

ती. दिनादादास,
धाकट्या सरूचा वाकून नमस्कार. वि. वि. इकडे सगळी खुशाल आहेत, रोह्याकडेही तसंच असेल असं धरून लिहायला बसले आहे.

गणपती गेले आणि घराच्या भिंती पुन्हा दिसायला लागल्या. तुला ठाऊकच आहे, आषाढ लागला की आमच्याकडे माणसांपेक्षा देव जास्त. यंदा माझ्या पलंगावरही मूर्ती वाळत होत्या आणि आम्ही जावा-जावा स्वयंपाकघरात ओळीने झोपत होतो. आता पलंग मिळाला, पण पडद्यापलीकडे दीर आणि त्यांची मुलं आहेतच.

ह्यांनी दोन वर्षं खपून केलेली ती दोन सीटची गाडी तू पाहिली आहेस. जुन्या मोटारीची चॅसी, वर फायबरचं अंग, तेही मूर्तीसारखा साचा करून घडवलेलं, आणि पितांबराचा उरलेला पिवळा रंग. डिसेंबरात खोपोलीकडच्या एका घाटात चढणीची शर्यत आहे. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. ह्यांनी नाव दिलंय, आणि तेव्हापासून घरात वजनाखेरीज दुसरा विषय नाही. प्लास्टरच्या गोणी तोलायच्या काट्यावर गाडीची एकेक वस्तू चढते आणि बाद होते. जॅक गेला, जादा चाक गेलं, पायाखालचं जाजम गेलं. परवा माझी सीट गेली. शर्यतीत चालवणारा एकटाच असतो, मग नऊ किलो कशाला वाहायचे, असं म्हणाले. ती आता माळ्यावर पालथी पडली आहे.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी गाडीतल्या चिमुकल्या गणपतीपुढे एक लाल दिवा लावून घेतला. तो कधी विझायला नको म्हणाल्या, म्हणून ह्यांनी त्याची वायर थेट बॅटरीला जोडली. किल्ली काढली तरी तो जळत राहतो.

दादा, तुझं बॅटरीचं दुकान, म्हणून विचारते. ह्यांच्या हिशेबात सगळ्यात जड बॅटरीच आहे, अठरा किलो. ती हलकी झाली तर माझी सीट परत बसवीन, असा शब्द मी ह्यांच्याकडून घेतला आहे. अशी बॅटरी मिळते का?

हौसावहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच घट्ट ठेव.

तुझी,
सरू

—

॥ श्री ॥
रोहा
२७ सप्टेंबर १९८९

चि. सौ. सरूस,
दादाचे पोटभर आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली की जगनराव असेच वजन काढत बसले तर शेवटी स्वतःलाच उतरवून ठेवतील आणि गाडी एकटीच घाट चढेल.

तर ऐक. अशी बॅटरी असते. शर्यतीच्या गाड्यांसाठीच करतात, सगळीकडून बंद, पाणी घालायची भानगड नाही. सात किलोच्या आसपास भरते. मुंबईला माझा एक जुना सोबती परदेशी सामान आणतो, त्याला आजच लिहितो. मूर्ती लहान पण कीर्ती महान अशातली ती गोष्ट आहे. फक्त तिचा एक स्वभाव ध्यानात ठेवा. एका दमात जोर लावून इंजिन फिरवील, पण पोटात साठा थोडा. उगाच काही चालू ठेवलं तर तिचा जीव जाईल.

आता मला एक सांग. नऊ किलोची सीट, ती काढली म्हणून तुला एवढं लागावं हे माझ्या डोक्यात शिरत नाही. लहानपणी बैलगाडीत जागा नाही मिळाली तर तू खुशाल मागे लोंबकळत यायचीस. खरं काय ते लिही. मी कुणाला सांगायचा नाही.

आशीर्वाद आहेतच, ते पुन्हा मोजून पाठवत नाही.

तुझा,
दिनादादा

—

॥ श्री ॥
रामवाडी, पेण
६ ऑक्टोबर १९८९

ती. दादास,
सरूचा नमस्कार. वि. वि. तू खरं विचारलंस, तर खरंच लिहिते.

आमच्या घरात आठ माणसं. दिवसा कारखाना, रात्री पडदा. ह्यांचं आणि माझं बोलणं म्हणजे डाळ संपली, साचा धुतला का, धाकट्याला ताप आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्हाला मूल नाही, तेही आम्ही दोघं एकमेकांशी कधी मोकळेपणी बोललो नव्हतो. बोलायचं कुठे?

गाडी झाली आणि पहिल्यांदा आम्हाला दोघांपुरती जागा मिळाली. रविवारी पहाटे आम्ही कासूपर्यंत जाऊन यायचो. भातावर धुकं असायचं, इतकं खाली की गाडी जमिनीवरून चालली आहे की धुक्यावरून ते कळायचं नाही. गाडी बुटकी, म्हणून आम्ही भाताच्या लोंब्यांच्या उंचीवर बसलेले. कासू स्टेशनाशी हे इंजिन बंद करायचे. बगळे रुळांवर उभे असायचे, आमच्याकडे बघायचे आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे. आणि हे बोलायचे रे दादा! घरी चार शब्दांवर न जाणारा माणूस तिथे तासभर बोलायचा. लहानपणी मूर्तीच्या डोळ्यांना घाबरायचे ते सांगितलं. मूल नाही याचं दुःख त्यांना माझ्याहून जास्त आहे हे मला तिथे कळलं, त्या सीटवर.

आता हे पहाटे एकटेच जातात, सराव म्हणून. मी गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत अंथरुणात पडून ऐकते. कधी डोळा लागतो आणि स्वप्नातही गाडीच दिसते, धुक्यात पुढे चाललेली, एका बाजूने रिकामी.

शर्यत झाल्यावर सीट परत लावतील, असं तू म्हणशील. पण एक शर्यत झाली की दुसरी येते. एकदा माळ्यावर गेलेली वस्तू आमच्या घरात खाली आल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून ती बॅटरी हवी आहे.

हे पत्र वाचून फाडून टाक, आणि मला हसू नकोस.

तुझी,
सरू

—

॥ श्री ॥
रोहा
२९ ऑक्टोबर १९८९, लक्ष्मीपूजन

श्री. जगनराव आणि चि. सौ. सरू यांस,
दिनानाथचे अनुक्रमे नमस्कार आणि आशीर्वाद. भाऊबीजेला मी स्वतः यायचा होतो, पण दुकानात एका ट्रकची बॅटरी माझ्या पायावर पडली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. जड बॅटरीचं दुखणं आता मलाही कळलं. शेजारचा केरू गाडीने पेणला येतो आहे, त्याच्या पिशवीत हलकी बॅटरी दिली आहे. सरू, ही तुझी भाऊबीजेची ओवाळणी. आजवर कुठल्या भावाने बहिणीला बॅटरी घातली नसेल. तबकात ठेवून हिलाच ओवाळ.

जगनराव, उंटावरून शेळ्या हाकतो आहे, तरी ऐकावं. जुनी काढताना आधी अर्थची वायर सोडा, नवी लावताना ती शेवटी लावा. नवी जुन्या जागेत खुळखुळेल, तिला पक्की बसवा, पण पट्टी आवळताना तिचं अंग चेपू देऊ नका. बाकी तुमचे हात देवाच्या कामाचे, त्यांना मी काय शिकवणार.

दिवाळीचा फराळ केरूजवळ आहे. तो वाटेत उरला तर तुम्हाला मिळेल. आठवण धरून असा.

आपला,
दिनानाथ

—

॥ श्री ॥
रामवाडी, पेण
१२ नोव्हेंबर १९८९

ती. दिनादादा यांस,
जगनचा सप्रेम नमस्कार. वि. वि. मी पत्र लिहिणाऱ्यांतला नाही, तरी लिहितो आहे, यावरून काय ते समजावं.

बॅटरी पाडव्यालाच बसवली. जुन्या जागेत ती ठेवली तर मोठ्या देव्हाऱ्यात सुपारीचा गणपती ठेवल्यासारखी दिसली. लाकडाचे ठोकळे घालायला मन होईना. मग मूर्तीचा घेतो तसा तिचा प्लास्टरचा ठसा घेतला, त्यात फायबरचे तीन थर दिले आणि तिच्या मापाची बैठक करून चॅसीला बोल्ट केली. आता बोटाने ढकलली तरी हलत नाही. किल्ली फिरवली आणि इंजिन एका हाकेला उठलं. गाडीचं नाक हलकं झालं, वळणावर ती आधीसारखी लोळत नाही. मी सरूला सांगितलं की या रविवारी तुझी सीट लावतो. तिने त्याच दिवशी सीटचं कापड धुऊन वाळत घातलं.

मग कारखान्यात शाडूची गाडी आली आणि तीन दिवस मला बाहेर पडता आलं नाही. चौथ्या दिवशी किल्ली फिरवली तर आवाजच नाही. आईचा लाल दिवा! जुन्या बॅटरीला त्याचं काहीच वाटत नव्हतं, ही बिचारी त्याला पाजता पाजताच आटली.

दिवा विझायचा नाही ही आईची इच्छा. ती तोंड मिटून असते, पण एकदा बोलली की तो नवसच समजायचा. मी तिचा शब्द मोडू शकत नाही. म्हणजे जड बॅटरी परत लावायची, आणि सीट माळ्यावरच राहायची. मी तसं ठरवलं आहे.

दादा, एवढं कराच. हे सरूला तुम्ही पत्राने कळवा. मला तिला सांगता येत नाही. कालपासून तीनदा तोंड उघडलं, पण कधी वहिनी येते, कधी पोरं. पूर्वी अशी काही गोष्ट असली तर मी कासूच्या रस्त्यावर सांगायचो.

लहान भाऊ समजून सांभाळून घ्यावं.

आपला,
जगन

—

॥ श्री ॥
रोहा
१६ नोव्हेंबर १९८९

श्री. जगनराव यांस,
नमस्कार. पत्र मिळालं. आधी कामाचं. ती बॅटरी रिकामी ठेवू नका, कायमची मरेल. केरूबरोबर ताबडतोब इकडे पाठवा, मंद करंटवर दोन दिवस ठेवून जिवंत करतो. दिव्यात टॉर्चचा बल्ब घालून दोन सेल वेगळे लावता येतील. तुमच्या आई गिरजाबाई समईत तेल घालतात तसे सेल बदलतील. एवढ्यावरून घोडं अडायला नको होतं.

आता दुसरं. मी सरूला काहीएक कळवणार नाही. रागवा खुशाल. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातली कासूच्या रस्त्याची ओळ तुम्ही लिहिलीत, पण वाचलीत का? बायकोला सांगायची गोष्ट तुम्ही रोह्याच्या मेहुण्याला पोस्टाने सांगता आहात, आणि ती का सांगता येत नाही हेही तुम्हीच लिहून मोकळे झालात. माझी बहीण नऊ किलोंसाठी रडत नाही हो. ती सीट खाली काढा, बोल्ट नसले तरी चालेल, आणि तिला तिच्यावर बसवून काय सांगायचं ते सांगा.

आणि आईंना विचारलंत का, की दिव्याचा नवस त्यांच्या वतीने तुम्हीच बोललात?

थोरलेपणाने बोललो, लहानपणाने विसरून जावं.

आपला,
दिनानाथ

—

॥ श्री ॥
रामवाडी, पेण
१२ डिसेंबर १९८९

ती. दादास,
सरूचा नमस्कार. वि. वि. तुझा पाय आता जमिनीला टेकला असेल. इकडचं सांगायचं इतकं साठलं आहे की कुठून सुरुवात करू ते कळत नाही.

तुझं पत्र आलं त्या दुपारी हे न जेवताच माळ्यावर चढले आणि सीट खाली आणली. गाडी मांडवात उभी, तिची नवी बॅटरी आटलेली, जुनी अजून बसवलेली नाही. त्या मेलेल्या गाडीत ह्यांनी सीट नुसती टेकवली आणि मला हाक मारली. जावा खिडकीतून बघत होत्या, मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी जाऊन बसले. हे सुकाणू धरून समोर बघत राहिले, जसा काही रस्ता चालला आहे. मग सगळं सांगितलं. दिव्याचं, सीटचं, आणि मला सांगायची तुला गळ घातली होती तेही. मला राग यायला हवा होता. पण कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते, मी नुसती ऐकत राहिले.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. ह्यांनी त्यांना टॉर्चच्या सेलचं विचारलं. त्यांनी आधी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या की नवस कसला, आनि कुनी बोलला? सीट काढलीस, म्हंजे घाटात तू येकटा जानार, म्हनून तुला सोबत नको काय, म्हनून दिवा लावला. सरू बाजूला बसत हुती तवा मी कदी दिवा मागितला व्हता? हे म्हणाले की शर्यतीत तर मी एकटाच असणार आहे, सीट असली तरी. त्यावर त्या म्हणाल्या की तिची जागा हाय ना तिथं, मग येकटा कसा? असं म्हणून स्वतः आत वाकल्या आणि दिव्याची वायर उपटून काढली. गणपतीला अंधारात बी दिसतंय म्हणाल्या, आणि चहा निवतोय म्हणून आम्हा दोघांवर ओरडल्या.

दादा, मी त्यांना नऊ वर्षं अबोल, कोरड्या समजत होते. त्या दुपारी मी त्यांच्या पाया पडले, तर काय झालं गो, असं विचारून त्यांनी मलाच वेड्यात काढलं.

परवा शर्यत झाली. मी पायथ्याशी उभी होते. गाड्या कसल्या कसल्या, चकचकीत, बाहेरच्या देशातल्या. तपासणाऱ्या माणसाने रिकामी सीट पाहिली आणि ती काढायची राहिली का असं विचारलं. हे नाही म्हणाले, एवढंच. तू जिवंत करून पाठवलेली बॅटरी एका हाकेला उठली. पिवळी गाडी पहिल्या वळणाआड गेली, मग झाडांमागून नुसता आवाज वर वर जात राहिला. मी डोळे मिटून घेतले, आणि खरं सांगते, पोटात वळणं कळत होती. आमचा नंबर अकरावा आला. सीट काढली असती तर एखादा नंबर वर गेला असता, असं हे स्वतःच म्हणाले.

परतताना खोपोली मागे पडली आणि हे बोलायला लागले. ऊन कलतं होतं, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, पेंढ्याचा वास. पेण आलं तरी बोलणं संपलं नव्हतं, म्हणून रामवाडीचं वळण न घेता आम्ही तसेच पुढे कासूला गेलो. काय बोललो ते तुलाही लिहिणार नाही. आजवर तुझ्यापासून काही लपवलं नाही, हे पहिलंच.

वहिनींना नमस्कार. तू आम्हाला जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझी,
सरू