मचाणावरून दिसलेलं

शनिवार, १४ मार्च
दुपार

प्रिय पिटुकले,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील असं पुढे लिहायचं असतं, पण जबडा तारांनी बांधलेला असताना माणूस कितपत बरं असतं ते मला कळतं, म्हणून ते राहू दे. आई स्ट्रॉने जे पातळ देते ते सगळं पितेस ना? अर्धा पेला परत पाठवू नकोस. लहानपणी तुझं उरलेलं दूध मला संपवावं लागायचं, आता तिथे मी नाही.

मी ठीक आहे. दंडाचे टाके निघाले. बागेने मला अजून कामावर घेतलेलं नाही, पण मुकादम रोज फोन करून कुठे काय छाटलं त्याचा हिशोब देतो. गुलाबाची त्याने पार वाट लावली आहे, हे मी न बघता सांगते. छोटी कशी आहे? रात्री झोपते का? तिला सांग, बदकांना पिल्लं झाली आहेत, सहा आहेत.

हे पत्र वकीलबाई तुझ्याच हातात देतील. आईला देऊ नकोस. माझा तिच्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तो नंतर काढू.

तुझी चिठ्ठी काल मिळाली. ‘ताई, मी रविवारी घरी परत जाते. मी आणि छोटी गेलो की ते तुझ्यावरची तक्रार मागे घेणार आहेत. चूक माझीच, पळताना वळण मीच चुकले.’ तीन आठवड्यांत तू मला लिहिलेलं एवढंच. मी ती दोनदा वाचली आणि हातातला कप भिंतीवर मारला. चांगला कप होता. निरोप आईने आणला, मध्ये तुझा नवरा, आईचे जावईबापू, बोलले, आणि माझी सुटका करायला तू त्याच हातांत परत चाललीस, ज्या हातांनी तुझे तीन दात पाडले. मला कुणी विचारलंही नाही.

तर आता मी सांगते ते नीट वाच. घाई करू नकोस.

त्या रविवारी तुला बागेत बोलावलं मीच. आठ महिने तू घराबाहेर अशी पडलीच नव्हतीस. म्हटलं, ये, चार तास गवतावर लोळ, आमच्या बागेत लोक तेवढ्यासाठीच येतात. तळ्याकाठच्या झाडाखालची जागा मी सकाळी सातलाच दोरी बांधून अडवून ठेवली होती, साहेबांना कळलं असतं तर ओरडा खाल्ला असता. तुम्ही आलात. चादर, थर्मास, संत्री, उकडलेली अंडी. तुझ्या नवऱ्याने चादरीची चारही टोकं स्वतः ताणून सरळ केली. मला म्हणाला, “ताई, तुमच्या हाताला जादू आहे हो, काय बाग ठेवलीय!” चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवताना बोलतो ना, त्याच आवाजात. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी खूश झाले.

माझी मचाणावरची पाळी एकपर्यंत होती. मग खाली येऊन तुमच्यासोबत जेवायचं, असं ठरलं होतं.

मचाण तू खालून पाहिलंस, वर कधी आली नाहीस. आमच्या भूलभुलैयाचं कुंपण आठ फूट उंच आहे, आत गेलेल्या माणसाला आकाशाशिवाय काही दिसत नाही. मला मात्र वरून सगळं दिसतं. आत शिरल्यावर पाच मिनिटांत लोक विसरतात की वर कुणी बसलंय. बायकोला चोरून सिगरेट ओढणारे काका दिसतात, भांडण मिटवणारी पोरं दिसतात, नाकात बोट घालणारे तर विचारू नकोस. कुणी वाट चुकून घाबरलं की हात वर करतं, आणि मी कर्ण्यातून ओरडते, “निळ्या शर्टवाले काका, उजवीकडे!” मुकादमाने पहिल्याच दिवशी मला एक नियम शिकवला होता. हाक मारताना आपण त्यांच्या जागी उभं राहायचं. समोरचा आपल्याकडे तोंड करून असेल तर त्याचा डावा हात म्हणजे आपला उजवा. अकरा वर्षांत माझं एकदाही चुकलं नव्हतं.

बाराच्या सुमारास तुम्ही दोघं आत आलात. आई छोटीला घेऊन बदकांकडे गेली होती. नंतर दवाखान्यात तू मिटल्या दातांतूनच मला सांगितलंस की बालवाडीत मिळालेल्या नोकरीचं त्याला बागेतच सांगायचं तू मुद्दाम ठरवलं होतंस, चार माणसांत तो हात उचलणार नाही म्हणून. तू सांगितलंस, आणि तो हसून म्हणाला, “चल, आत एक चक्कर मारून येऊ.” एवढी शहाणी तू, आणि ‘आत’ या शब्दाने तुझ्या मनात शंका आली नाही?

पोलिसांना मी काय सांगितलं ते तुला माहीत आहे. मी काही पाहिलं नाही, किंकाळी ऐकून खाली धावले, झटापटीत त्याचा हात माझ्या कात्रीत सापडला. तूही तेच सांगितलंस, आणि वर स्वतः लोखंडी खांबावर पडलीस असंही सांगितलंस. मुकादमाने मान डोलावली. सगळ्यांचं जुळलं.

मी पाहिलं होतं, पिटुकले. पहिल्यापासून पाहिलं होतं.

तो थांबला. दोन्ही बाजूंना बघितलं. मग चष्मा काढला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. अगदी सावकाश. तू लगेच कुंपणाला पाठ लावलीस आणि हात तोंडासमोर धरलेस, त्याने काही करायच्या आधीच. तेव्हा मला कळलं की हे रोजचं आहे, चष्मा निघाला की काय येतं ते तुला पाठ आहे. त्याने तुझे केस धरून तोंड कुंपणावर आपटलं. पानांच्या आत तारेची जाळी आहे, ती मीच ठोकलेली. एकदा, दोनदा. तू ओरडली नाहीस. तिथून चार हातांवर, कुंपणाच्या पलीकडे, एक कुटुंब हसत फोटो काढत होतं.

आणि हे मला तेव्हाच कळलं, हेही खरं नाही. दोन वर्षांपूर्वी तुझ्या कानामागे काळंनिळं दिसलं होतं. तू म्हणालीस, कपाटाचं दार लागलं. मी म्हणाले, दार बदलून घे. आणि वाढून घेतलं. तो समोर बसून जेवत होता.

तू त्याचा हात चावून सुटलीस आणि पळत सुटलीस, माझ्याच दिशेने, मचाणाकडे तोंड करून. पुढे दोन फाटे होते. तुझ्या उजवीकडे वीस पावलांवर बाहेरचं फाटक, तुझ्या डावीकडे बंद गल्ली. तू वर बघितलंस. तुझा हात वर होता. मी कर्ण्यातून ओरडले, “पिटुकले, डावीकडे! डावीकडे वळ!”

तो माझा डावा हात होता. तुझा नव्हता.

तू एक क्षणही थांबली नाहीस. ताईने सांगितलं, तू वळलीस. लहानपणापासून तू माझं तेवढं ऐकत आलीस, आणि मी तुला भिंतीवर नेऊन सोडलं. कर्ण्याचा आवाज त्यानेही ऐकला, त्याला शोधायचेही कष्ट पडले नाहीत. त्या गल्लीत त्याने तुला पाडलं आणि जबड्यावर लाथ मारली. बुटाचा तो आवाज मला मचाणावर ऐकू आला. वळण तू चुकली नाहीस. मी चुकवलं. तीन आठवडे तू ते स्वतःच्या माथी घेऊन बसली आहेस आणि मी तुला बसू दिलं, कारण तुझ्याकडे बघून हे सांगायची माझी छाती झाली नाही.

आता पुढचं. हे वाचून तुला मी आवडणार नाही कदाचित, पण वाच.

मी मचाणावरून उडीच मारली. कुंपणाची मोठी कात्री खाली टेकवून ठेवलेली होती, ती उचलली. वाट मला पाठ होती, पण वाटेने साठ पावलं होती. मी सरळ गेले. अकरा वर्षं वाढवलेलं कुंपण मी कापत, तुडवत, फाडत गेले, तीन रांगा. तारेने दंड उसवला तो तिथेच. फोटो काढणारी बाई म्हणाली, “अहो, काय करताय, झाडं ना ती!” मी तिला जे बोलले ते पत्रात लिहिता येत नाही.

तू खाली पडली होतीस. तो पुन्हा पाय उचलत होता. मी कात्रीची सपाट बाजू त्याच्या पाठीवर घातली. तो गुडघ्यावर आला. वळून मला बघितलं आणि म्हणाला, “ताई, हा आमचा घरचा मामला आहे.” तेवढ्यात मी दुसरा घाव घातला, खांद्यावर. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. तो बसला. पिटुकले, तो बसला होता. त्याने उजवा हात पुढे केला होता, पंजा उघडा, पुरे म्हणून. मारामारी संपली होती. झटापट वगैरे काही झाली नाही.

मी कात्री उघडली, त्याची बोटं दोन पात्यांमध्ये नीट घेतली आणि दोन्ही मुठी जोर लावून मिटल्या. अंगठ्याएवढी फांदी कापताना लागतो तेवढाच जोर लागला. दोन बोटं गेली. मी तिसरंही घेणार होते. मुकादमाने मागून मला कवेत धरलं म्हणून राहिलं. तो ओरडत होता आणि मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. त्या रात्री मी गाढ झोपले. नंतर त्या झोपेचीच मला भीती वाटायला लागली.

आई म्हणते, मोठीला राग आवरत नाही, धाकटीला संसार आवरत नाही. तिचं बरोबर असेल. पण या तीन आठवड्यांत एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली ती तिच्याही शिरली नाही आणि तुझ्याही नाही. मी काही पाहिलं नाही असं म्हणाले म्हणून मी वाचत होते. मी पाहिलं असेल तर मी ठरवून गेले, कात्री घेऊन गेले, हे उघड होतं. पण मी काही पाहिलं नाही म्हणून तोही वाचत होता. तू खांबावर पडलीस, त्याने तुला उचलायला हात दिला, आणि वेड्या मेव्हणीने बोटं तोडली. त्याच्या बाजूने एवढं चांगलं खोटं दुसऱ्या कुणी बोललं नसतं. आणि त्या खोट्यावरच तो सौदा करत होता. बायको-मुलगी द्या, मेव्हणी घ्या.

म्हणून आज सकाळी मी पोलीस ठाण्यात आले. हे पत्र मी तिथूनच लिहिते आहे. पेन ठाणेदारबाईंचं आहे, त्या दर दहा मिनिटांनी ते परत मागतात.

मी नवा जबाब दिला. चष्म्यापासून बोटांपर्यंत सगळं, क्रमाने. केस धरून किती वेळा आपटलं, लाथ कुठे बसली, कुठल्या पायाची. तो बसला होता आणि मी तरीही कापलं, हेही. लिहिणाऱ्या हवालदाराने दोनदा विचारलं, “बाई, हे शेवटचं वाक्य ठेवायचं का?” ठेवा म्हटलं. प्रत्येक पानावर सही केली. वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, मग म्हणाल्या, आता हा खटला सरकारचा झाला. त्याने तक्रार मागे घेतली तरी माझ्यावरचा गुन्हा मागे जात नाही. आणि त्याच्यावरही आता गुन्हा लागेल, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आहे म्हणून. माझे किती महिने की वर्षं जातील ते त्यांनाही सांगता येत नाही. मला घरी जाऊ देणार नाहीत एवढं कळलंय.

घाबरू नकोस. रडलीस तर तारांना ओढ बसेल, डॉक्टर ओरडतील. मी हे तुझ्यासाठी मोठा त्याग वगैरे म्हणून केलेलं नाही. मी माणसाची बोटं कापली आहेत आणि मला ती कापायची होती, त्याचं जे काही असेल ते माझं मला भोगू दे. त्यात तुला कुणी ओढू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तू माझ्यावर रागव, बोलू नकोस, वर्षभर पत्र लिहू नकोस. तुला जिथे वळायला सांगितलं त्याबद्दल मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव. पण मला सोडवायला तिकडे जाऊ नकोस. तिकडे गेलीस तरी मी सुटत नाही, आता कुणीच मला सोडवू शकत नाही. ते मी आज सकाळी पक्कं करून टाकलं.

त्याला अजून हे कळलेलं नाही. पोलीस त्याच्याकडे कधी जातील ते मला सांगत नाहीत, म्हणून तू पोलिसांच्या भरवशावर बसू नकोस. उद्या सकाळी दहाला तो ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन येईल. हाताला पांढरं बँडेज असेल, आवाज गोड असेल, माझ्या नावाने शपथ घेईल. आई तुझी बॅग दाराशी आणून ठेवेल आणि दार उघडेल. छोटीला मांडीवर घे. तू खुर्चीतून उठू नकोस.

तुझी, आणि आज सकाळपासून स्वतःच्या सहीने गुन्हेगार,
ताई