मेणबत्त्यांच्या उजेडातले फोटो

५ मे २००६, शुक्रवार
उत्तमदादाने आज त्याचा डिजिटल कॅमेरा दिला. पट्टा स्वतः माझ्या गळ्यात अडकवला. पुढच्या शुक्रवारी बुद्धपौर्णिमा — चोआ चू कांगला त्याच्या फ्लॅटवर वंदना. दिवे बंद, फक्त मेणबत्त्या. फ्लॅश मारायचा नाही.
"बाकी कोणी नाही आलं तरी चालेल, प्रबोध. काका आणि सुगत एका फोटोत आले पाहिजेत."
दीनानाथकाका दादाचे चुलते, नाशिकहून महिनाभरासाठी आलेत. सुगत त्यांचा मुलगा, जहाजावर इंजिनिअर. काकू गेल्या तेव्हा तो समुद्रात होता, मातीला पोहोचला नाही. दोन वर्षं काका त्याच्याशी बोललेले नाहीत. आता त्याचं जहाज इथे सिंगापूरला येतंय. उतरायला एकच संध्याकाळ.
आणि फोटो काढणार मी! शिपयार्डातला वेल्डिंग हेल्पर, दहावी नापास. दादा म्हणतो, तुझा हात स्थिर आहे.

७ मे
कॅमेऱ्याची पुस्तिका इंग्रजीत. शब्दकोश घेऊन अकरा पानं झाली. अंधारात शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये. जुरोंग ईस्टच्या दुकानातल्या चिनी अंकलकडून जुना स्टँड आणला. "हँड कॅनॉट लाह. यू नॉट मशीन." म्हणजे नुसत्या हाताने जमणार नाही.

९ मे
डॉर्मिटरीत दिवा घालवून खोलीतल्या मुरुगनला मेणबत्तीपुढे बसवलं. नुकताच ड्यूटीवरून आलेला, निळा बॉयलर सूटही उतरवू दिला नाही. नऊ फोटो. चेहरा पांढराफटक, नाकडोळे पुसल्यासारखे.
"भाई, मैं मर गया क्या?"
पुस्तिकेत उपाय सापडला — उजेड कमी-जास्त करायची चकती. वजा एक केलं. चेहरा हवा तसा! चकती हलू नये म्हणून तिच्यावर टेप चिकटवली.

११ मे
झोप नाही. बॅटरी भरलेली आहे हे चारदा पाहिलं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
काढला. देवाशपथ म्हणत नाही, पण काढला.
सुगत पुढे बसला, काका नेमके त्याच्या मागे, दादाच्या शेजारी. आल्यापासून एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. वंदना सुरू झाली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे फक्त माझे. काकांनी हात उचलला, मध्येच थांबवला, मग सुगतच्या पाठीवर ठेवला. गाथा संपेपर्यंत तिथेच होता. मी तीन वेळा बटण दाबलं. मागच्या स्क्रीनवर सगळं लख्ख दिसलं.
नऊला सुगत बंदरावर परतला. काकांना वाकून नमस्कार केला, बोलला नाही. काकाही नाही.

१३ मे
दादाच्या कॉम्प्युटरवर पाहिले. मेणबत्त्या दिसतात, मूर्ती दिसते. माणसं काळी. दादाने उजेड वाढवून पाहिला — नुसते रंगीत कण.
काका खुर्ची ओढून जवळ बसले. "काही दिसत नाही रे पोरा." चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

१४ मे
कारण कळलं. मुरुगन गडद निळ्यात होता. गडद पाहून कॅमेरा उजेड वाढवत होता, म्हणून वजा लागलं. वंदनेला सगळे पांढऱ्यात. पांढरं पाहून त्याने आधीच उजेड कापला, त्यावर माझं वजा एक. अधिक करायला हवं होतं. आणि स्क्रीनचं काय, अंधारात कोणताही स्क्रीन लख्खच दिसतो.
वंदनेला सगळे पांढरे कपडे घालतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

१७ मे
काका नाशिकला परत गेले. टॅक्सीत बसताना मला म्हणाले, "मी माझा हात पुढे केला होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. झालं आता."
मी बॅग डिकीत ठेवली.

१८ मे
कॅमेरा परत दिला. दादा म्हणाला, ठेव अजून. नको म्हणालो.

२१ मे, रविवार
दादाच्या फ्लॅटवर होतो, तो खाली बाजारात गेला होता. फोन मी घेतला. सुगत, कोलंबोहून.
"जयभीम. बाबा नीट पोहोचले ना? माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. उत्तमदादाने तरी वंदनेत पाठीवर हात ठेवला. त्याला सांग, तेवढ्यावर हे सहा महिने काढीन."
मी सांगितलं, तो हात दादाचा नव्हता.
"शक्य नाही," म्हणाला. "फोटो आहे?"