बिनसाथीचं कडवं

पणजी,
६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
प्रेरणाचा सा. न. वि. वि.

तीन दिवस तुझा मोबाईल वाजतोय आणि तू उचलत नाहीस. काल संध्याकाळी एकच ओळ आली, रेंज नाही, पत्र लिही. वेल्ह्याच्या स्टँडवर लोक चहा पिता पिता व्हिडिओ बघतात आणि रेंज नेमकी आपल्याच घरी येत नाही, हे नवलच म्हणायचं. पण बहिणाबाईंचा हुकूम झाला, म्हणून लिहायला बसले.

माझं बरं चाललंय. इथल्या संगीतशाळेत गाणं शिकणाऱ्या मुलांना पियानोची साथ करायची, एवढंच काम. एक गाणारा गेला की दुसरा हजर. खऱ्या पियानोच्या पट्ट्या फार जड असतात गं, पहिल्या आठवड्यात मनगटं सुजली होती. शिवाय आपल्या कीबोर्डसारखा सूर खालीवर करायची सोय नाही. पियानो हलत नाही, गाणाऱ्यानेच त्याच्याकडे यायचं. सुरुवातीला मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता मुख्य बातमी. संगीतशाळेच्या मोठ्या बाईंनी काल बोलावून विचारलं, की सहा महिन्यांची ही बदलीची जागा संपल्यावर कायमची राहशील का. ती ३१ डिसेंबरला संपते, तोवर उत्तर द्यायचं आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोणी कायमचं राहा म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी तुझ्या शाळेतल्या समूहगानाला साथ केली, आणि केली ती मनापासून. पण खरं सांगते, मला इथे राहावंसं वाटतं. तू काय म्हणतेस?

भोरच्या स्पर्धेची तयारी कुठवर आली? माझ्या जागी साथीला आलेल्या तरन्नुमचं आणि तुझं जमतंय ना? ती बोलते कमी, पण हात पक्का आहे. तिच्यावर डोळे वटारू नकोस.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
प्रेरणा


वेल्हे,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणास,
सुलक्षणाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मनगटांना तीळतेल लाव. तिथलं नारळाचं लावत बसू नकोस.

तुझ्या तरन्नुमचं विचारलंस, तर ऐक. आपलं भातलावणीचं गाणं तुला माहीत आहे. पहिलं कडवं साथीवर, दुसरं बिनसाथीचं, नुसत्या पोरींच्या आवाजात, आणि तिसऱ्याला पुन्हा साथ. तीन वर्षं आपण तेच गाणं घेऊन बक्षीस आणतो. परवा तिसऱ्या कडव्याला हिने साथ धरली आणि सगळा विचका झाला. पोरी एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे. पोरांची शिजती खिचडी टाकून स्वयंपाकीण धोंडाबाई वर्गाच्या दारात आली आणि हितं दोन दोन गाणी लागल्यात का, म्हणून विचारायला लागली. मला इतकी लाज वाटली की काही विचारू नकोस.

मी तरन्नुमला म्हणाले की तुझी बोटं चुकतात. ती शांतपणे म्हणाली, बोटं न्हाई चुकली ताई, पोरींचा सूर उतरलाय. सगळ्या वर्गासमोर! एकोणीस वर्षांत तू असं एकदाही म्हणाली नाहीस. तिला काही कळतच नाही, कुठे काय करायचं असतं ते. मी सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस. ती कीबोर्डवर नीट कापड घालून भोरच्या एसटीने निघून गेली.

आता स्पर्धा २२ डिसेंबरला आणि साथीला कोणी नाही. तूच ये. परक्या पोरांच्या मागे दिवसभर वाजवत बसण्यात कसलं आलंय करिअर? मला पुन्हा चक्कर यायला लागली आहे, मागे तुला पुण्याची ती नोकरी आली होती तेव्हा येत होती तशी. घरात एकटी असते. जास्त काय लिहू?

वाट बघते आहे. लोभ आहे म्हणूनच रागावते.

तुझी,
ताई


पणजी,
२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. हे तीन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

तरन्नुमची बोटं चुकलेली नाहीत. बिनसाथीच्या कडव्यात सूर उतरतो. रोज उतरतो, कधी अर्धा, कधी त्याहून जास्त. पूर्वी असं झालं की तू लगेच हात वर करून पोरींना सावरायचीस. मग तू सावरेनाशी झालीस. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरले, आणि तिसरं कडवं धरण्याआधी कीबोर्डचा सूर बटण दाबून खाली घेतला. पोरी जिथे उतरल्या होत्या तिथेच मी साथ नेऊन ठेवली. तू हसून मान डोलावलीस. त्या वर्षी बक्षीस मिळालं. मग रोजच दाबत गेले.

मला वाटायचं, साथ करणाऱ्याने गाणाऱ्याला उघडं पाडायचं नसतं. परवा मोठ्या बाई मला म्हणाल्या, तुम्ही गाणाऱ्याला इतकं सांभाळून घेता की त्याला आपली चूक कधी समजतच नाही. त्यांना काय ठाऊक मी कोणाला सांभाळत आले ते! तुला नीट ऐकू येत नाही, असं मनात यायचं आणि मी दुसरं काहीतरी काम काढायचे. आता वाटतं, मी तुला फसवलं.

मी परत येते. २२ तारखेला इथे मुलांचा कार्यक्रम आहे, तो सोडता येणार नाही. पण ३१ ला बाईंना नाही म्हणून सांगते आणि एक तारखेला घरी पोचते. माझ्याशिवाय तुझं कसं व्हायचं? रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. इथल्या पियानोसमोर बसले तरी अर्धा जीव वेल्ह्यात अडकलेला.

तोवर तरन्नुमची समजूत काढ आणि तिला ते बटण दाखव. वरच्या रांगेत डावीकडून तिसरं. एकदा दाबलं की अर्धा सूर खाली. ती हुशार आहे, कोणाला कळू देणार नाही.

मला माफ कर, आणि अजून आपली म्हणत असलीस तर तसं लिही.

तुझी,
प्रेरणा


वेल्हे,
२४ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे. ३१ च्या आत पोचलंच पाहिजे. त्यासाठी नसरापूरला जाऊन आले.

चक्कर येत नाही. मागेही येत नव्हती. पुण्याला तुला बोलावलं तेव्हा मी पलंगावर पडून राहिले आणि तू नोकरीला नाही म्हणालीस. तू गेलीस तर माझं पितळ उघडं पडेल, ही भीती होती. पणजीला सोडलं तेही सहाच महिने म्हणून. मोबाईलला रेंज भरपूर आहे. पलीकडचं बोलणं मला समजत नाही. बारीक आवाज तर आधीच गेले. वर्गात पोरी गातात ते मला भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं.

आणि तू मला फसवलंस म्हणतेस? अगं, मला सगळं ठाऊक होतं. बिनसाथीचं कडवं संपत आलं की मी पोरींकडे बघतच नव्हते, तुझ्या डाव्या हाताकडे बघायचे. तो बटणाकडे गेला की समजायचं, सूर उतरला. नाही गेला की आज पोरी छान गायल्या. तुझा हात हाच माझा कान होता. तू मला सांभाळत होतीस आणि मी तुला धरून ठेवलं होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी भोरला तरन्नुमच्या घरी गेले. माफी मागितली. तिच्या अम्मीने, खुर्शिदाबींनी, आधी जेवायला वाढलं, मग बोलू दिलं. तरन्नुम यायला तयार झाली. बटण मात्र मी तिला दाखवलं नाही.

स्पर्धेत व्हायचं तेच झालं. बिनसाथीचं कडवं संपलं आणि तरन्नुमने पट्ट्यांना हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी ओळखलं, सूर उतरलाय. मी पोरींना थांबवलं, तरन्नुमला मूळ सूर द्यायला सांगितला आणि ते कडवं पुन्हा घेतलं. या खेपेला पोरी उतरू नयेत म्हणून तिने कडवंभर मूळ सुराची पट्टी दाबून धरली. आम्हाला काही मिळालं नाही. परत येताना टेम्पोत पोरी रडल्या, मीही रडले.

मला नीट ऐकू येत नाही, हे हेडसरांना सांगून टाकलं. गाण्याचे तास जूनपासून तरन्नुमला मिळावेत असं मी लिहून दिलं आहे. निवृत्तीला चार वर्षं आहेत, तोवर भूगोल शिकवेन. कानाचं यंत्र घेतेय, पण डॉक्टर म्हणाले, त्याने बोलणं समजेल, गाणं पूर्वीसारखं येणार नाही. दुसऱ्या वर्गातून पोरींचं गाणं कानावर पडेल तेव्हा माझं काय होईल, मला माहीत नाही. पण ते माझं मी बघेन.

तू ३१ ला हो म्हण. परत आलीस तर मी पुन्हा तुझ्या हाताकडे बघत बसेन, आणि तू पुन्हा दाबशील. आपल्या दोघींचीही खोड मला ठाऊक आहे. फोन करू नकोस. पत्र लिही.

लांब राहूनही माझीच राहा.

तुझी,
ताई

ता. क. ते बटण डावीकडून तिसरं नाही, चौथं. तू न बघता दाबायचीस. मी बघत होते.