चार नंबरची बाटली

३ नोव्हेंबर, सोमवार

आज बाटल्यांचा वार! महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे टेबलावर हात ठेवायला जागा नाही. ल्युपसच्या रुग्णांच्या छत्तीस बाटल्या आणि आमच्या सहा. आमच्या म्हणजे निरोग्यांच्या. संशोधनात आजाऱ्यांशी ताडून बघायला धडधाकट माणसंही लागतात, आणि बाहेरचा कोण शहाणा दर महिन्याला स्वतःची लघवी भरून आणून देणार? म्हणून तीन वर्षांपूर्वी आमच्या खातेप्रमुख मॅडमनीच फर्मान काढलं – खात्यातल्या सहाजणांनी द्यायची. मी चार नंबर. बाटलीवर नाव नाही, नुसता आकडा. स्वतःचं स्वतः तपासायचं नाही, म्हणून रुग्णांच्या बाटल्या माझ्याकडे आणि आमच्या सहा मॅडमकडे.

घरी नेहमीचीच धांदल. बाटली भरून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली, तयार व्हायला गेले, तोवर लेक आत जाऊन बसली! हाका मारून घसा बसला. एकोणीस वर्षांची घोडी, पण उठल्यावर अर्धा तास बोटं वळत नाहीत म्हणे. म्हटलं, तो मोबाइल खाली ठेव, आपोआप वळतील. मे महिन्यातही असंच – "आई, मलाही तुझ्या पेशंटसारखं काही नसेल ना?" मी हसत सुटले होते. खात्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिले सहा महिने सगळे आजार स्वतःलाच झालेत असं वाटतं. हिला तर न शिकताच!

६ नोव्हेंबर, गुरुवार

शिंपीणबाई आल्या होत्या. रुग्णांमध्ये माझ्या सगळ्यात लाडक्या. ल्युपस म्हणजे शरीराचे राखणदार शरीरावरच उलटतात. बाईंचे आधी सांधे धरले, सुईत दोरा ओवता येईना. वयाचं म्हणून गप्प राहिल्या. तोवर मूत्रपिंडं गेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

"पण तिथे मला काहीच दुखत नव्हतं हो!"

हीच तर मेख आहे. मूत्रपिंड बोंब मारत नाही. जे काही दिसायचं ते लघवीत – आधी प्रथिनं, मग लाल पेशी, मग कास्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या नळ्यांत लाल पेशी थिजून झालेले बारीक साचे. कास्ट दिसला की एक दिवस दवडायचा नाही.

त्या गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "पाच महिने आधी आल्या असत्या ना, तर वाचवली असती गं." डोळे भरले होते. मी अकरा वर्षं बघतेय, मॅडम अजून निबर झालेल्या नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

संशोधनाचा पेपर लिहून झाला! मॅडमनी सगळे तक्ते ताडायला माझ्याकडे दिले. "तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मी काही पाठवत नाही." अंगावर मूठभर मांस चढलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

तक्त्यात निरोगी पाच. मी तीनदा मोजले. पाचच! वाटलं, टाइप करताना चुकलं असेल. संगणकावर आकडे भरणाऱ्या पोरीकडे गेले. ती मान वर न करता म्हणाली, "चार नंबर मॅडमनी काढायला सांगितला ना. आलेख बिघडवत होता जूनपासून."

म्हटलं, दाखव.

जून – प्रथिनं. जुलै – प्रथिनं, जास्त. ऑगस्ट – लाल पेशी. सप्टेंबर – कास्ट. ऑक्टोबर – कास्ट, भरपूर. पाचही ओळी मॅडमच्या सहीच्या. हेच आकडे एखाद्या रुग्णाचे असते तर मी जिना धावत उतरून डॉक्टरांना गाठलं असतं.

चार नंबर कोण हे त्या पोरीला ठाऊक नाही. नावांची यादी फक्त मॅडमच्या कपाटात असते.

त्यांना ठाऊक होतं! पाच महिने रोज माझ्यासमोर बसून डबा खाल्ला बाईंनी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेले त्यांच्या खोलीत. दार लावून घेतलं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी चष्मा काढला.

"मला वाटलं, तुझं पाळीचं रक्त मिसळलं असेल."

"आणि कास्ट? तेही पाळीतून येतात?"

मग – "यादी फोडायची नाही, हा नियम आहे." म्हटलं, नियम होता, तर चार नंबर खोडताना कुठे गेला होता? मग – "पेपर एकदा जाऊ दे, निवांत बसून सांगणारच होते तुला." निवांत! कास्ट दिसल्यावर निवांत! मला भिंगाखाली बघायला ज्या बाईने शिकवलं, तिच्या तोंडी हा शब्द.

"मॅडम, शिंपीणबाईंसाठी तुम्ही रडलात. मी तुमची कुणीच नव्हते का?"

त्या रडायला लागल्या. मला कीव आली नाही. एवढा राग मला नवऱ्याचा घटस्फोटातही आला नव्हता. त्याच्यावर माझा मुळात विश्वासच नव्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा टाकली. दुसऱ्याच लॅबमध्ये जाऊन रक्त, लघवी दिली. घरी सांगितलं नाही. सोमवारी रिपोर्ट.

दिवसभर आरशात बघत होते. चेहरा सुजलाय का? पाय? मला काही झालं तर हिचं कोण बघणार? साधी बरणी उघडता येत नाही अजून, झाकण माझ्यासमोर धरते. आजही धरलं. मी तिच्यावर उगाचच खेकसले. ती बरणी ठेवून आत गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मॅडमचे सात फोन. घेतले नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट स्वच्छ! प्रथिनं नाहीत, पेशी नाहीत, काही नाही. मी तिथल्या माणसाला स्लाइड दाखवायला लावली, स्वतः बघितली. आरशासारखी लख्ख. तिथेच खुर्चीवर बसून हसले, मग रडले.

आणि मग डोकं भडकलं. म्हणजे बाईंनी बाटल्यांची अदलाबदल केली! थेट खात्यात गेले, रिपोर्ट टेबलावर आपटला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला. रंग उडाला त्यांचा. उठून फ्रीजमधून या महिन्याची, टिकायचं औषध घालून ठेवलेली बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. चार. माझ्याच हातचा चार, वरचं टोक उघडं ठेवते तसा. मी तिच्यातला थेंब भिंगाखाली घेतला.

कास्ट.

"ही बाटली तुझ्याच हाताने इथे आलीये," मॅडम म्हणाल्या. "मग ही आहे कुणाची?"

मी घरापासून इथपर्यंतचा रस्ता मनात उलटा चालत गेले. खांद्यावरची पिशवी. जिना. दार. न्हाणीघराची खिडकी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विचारलं. लेक आधी हसली. "कळलं होय तुला!" जूनपासून दर महिन्याला, मी तयार होत असताना, माझी ओतून टाकायची आणि स्वतःची भरून ठेवायची. "तुला विचारलं की तू हसायचीस. म्हटलं, गुपचूप तुझ्याच लॅबला विचारू. काही असतं तर तू पहिल्याच दिवशी धावत आली असतीस ना? पाच महिने तू काहीच बोलली नाहीस. म्हणून म्हटलं, मी बरी आहे."