हर्षालीची बातमी

३१ डिसेंबर २०२४, मंगळवार
काल वेळाअमावस्येला शेतात खाल्लेली भज्जी-आंबील अजून अंगात आहे. डोळे मिटायलेत. तरी बसले आणि योगीराजचं बातम्यांचं पोर्टल अख्खं उतरवून घेतलं. तो जानेवारीअखेर ते बंद करून पुण्याला चाललाय, नोकरीला. म्हणाला, "मॅडम, कोण वाचतंय? ठेवा तुमच्या ग्रंथालयात, नायतर जाऊ द्या." जाऊ कसं देऊ? उमरग्याची इतकी वर्षं आहेत त्यात. फोटोंसकट सगळं आलं. आता आमच्या संगणकांवर कुणालाही शोधता येईल. मी लई खूश आहे — कुणी विचारत नाही म्हणून इथं लिहिते.

७ जानेवारी
लोहाऱ्याहून हिंमतराव म्हणून एक शेतकरी आले. टोपी हातात. त्यांची मुलगी हर्षाली इथल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिथं एक बाळ दगावलं आणि योगीराजनं तिच्या फोटोसकट बातमी टाकली — 'नर्सच्या इंजेक्शननं बाळाचा बळी'. नोकरी गेली. चौकशी अजून लोंबकळतेय. आता नळदुर्गला सोयरीक जुळत आलीय.
"ते बंद पडायलंय म्हणून देवीला नारळ फोडला बघा," म्हणाले. "आन् तुमी उचलून ठिवलं."
मी नियम सांगितला. आम्ही जपतो, काढत नाही. वर ऐकवलं — आज तुमचं काढलं की उद्या सगळे पुढारी रांग लावतील. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि गेले. तेच लागलं.

८ जानेवारी
आमचे ग्रंथपाल श्रीनाथ सर म्हणाले, "पान झाकून ठेवा. वाचकांना दिसणार नाही, आपल्याकडं राहील. पुसायचं मात्र नाही." झाकलं. विषय संपला.

१४ जानेवारी, संक्रांत
संपला कुठला! हिंमतराव तिळगूळ घेऊन दारात. म्हणलं, झाकलंय काका, कुणाला दिसत नाही. "झाकलेलं कुणीतरी उघडतंयच की, ताई. पोरगी घराबाहेर पडंना. तुमाला लेक हाय का?" आहे. निकिता, बारावीला. खुर्ची दिली तर बसले नाहीत. खाली फरशीवर बसून रडले. वडिलांच्या वयाचा माणूस. मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

१७ जानेवारी
बातमी पुन्हा उघडली. फोटोत ती गणवेशात आहे, हसतेय. कुठल्यातरी कार्यक्रमातला फोटो उचललेला. हे जपायला मी पगार घेते?

१८ जानेवारी, शनिवार
पुसलं.
एक पान काढायचं तर पोर्टलचा सगळा संच नव्यानं बांधावा लागतो. बांधला. जुना उडवला. कपाटातल्या हार्ड डिस्कवरची प्रतही उडवली, उगं शंका नको. सरांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. हिंमतरावांना फोन केला. खरंच गेलं का, दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "आई भवानी तुमचं भलं करील." या नोकरीत पहिल्यांदाच कुणा माणसाच्या उपयोगी पडल्यासारखं वाटलं. घरी जाताना निकितासाठी खारी घेतली.

३१ जानेवारी
योगीराजचं पोर्टल बंद. कॉम्प्युटरही विकला म्हणे. आता जे काय आहे ते आमच्याकडंच.

११ फेब्रुवारी
हर्षाली आली. एकटी, एसटीनं. तिच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी चौकशीत आता लिहून दिलंय — मी दवाखान्यातच होतो, नको म्हणत असताना हिनं इंजेक्शन दिलं.
"पण मॅडम, त्या बातमीत ते स्वतःच म्हणालेत की मी सोलापूरला होतो, मला काही माहीत नाही. माझ्या मोबाईलमधलं पप्पांनी पुसलं. योगीराजदादा म्हणाले, तुमच्याकडं आहे. तेवढं छापून द्या. सोमवारी सुनावणी आहे."
मी ती बातमी कितीदा वाचली. फोटोच बघत बसले होते.
"पप्पांना सांगू नका, मी आलते म्हणून. त्यांना हे मिटवायचंय. मला नाही."
प्रिंट निघायची वाट बघत ती बाहेर बाकावर बसलीय. मी आत बसून हे लिहितेय.